बालपणीच्या आघाताविषयी विचारताना: गुणांची यादी की आजच्या त्रासापासून सुरुवात?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर किंवा निपाणी तालुक्यातील आरोग्य केंद्रात येणाऱ्या स्त्रियांना बालपणीच्या आघाताविषयी विचारावे, असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यापुढे मुख्यतः दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग यादीचा. १९९५ ते १९९७ या काळात सॅन डिएगो येथे १७,००० हून अधिक प्रौढांचा जो अभ्यास झाला, त्यातून मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड, घरातील व्यसन अशा दहा प्रकारच्या अनुभवांची यादी रूढ झाली. प्रत्येक होकाराला एक गुण. ती काही मिनिटांत भरून होते आणि आपणहून कधीच न बोलणारी एखादी स्त्री विचारल्यावर बोलते, हा तिचा खरा लाभ. परंतु एकदाच घडलेल्या आणि वर्षानुवर्षे सोसलेल्या अत्याचाराला तीत सारखाच गुण मिळतो. त्या अभ्यासाचे एक प्रमुख रॉबर्ट अँडा यांनीच २०२० मध्ये, एकेका व्यक्तीचा धोका ठरवण्यासाठी हे गुण वापरू नयेत, असे बजावले आहे. शिवाय त्या यादीत बालविवाह नाही आणि मुलीला देवीला सोडणेही नाही. यल्लम्मा देवीचे सौंदत्ती ज्या जिल्ह्यात आहे, तिथे ही उणीव मला फार मोठी वाटते.

दुसऱ्या मार्गात झोप, धडधड, अंगदुखी, बाळंतपणानंतरची उदासी यांपासून बोलणे सुरू होते आणि भूतकाळ सांगायचा की नाही, हे ती स्त्री ठरवते. तपासणीत हात लावण्यापूर्वी तिची परवानगी घेणे आणि ती ‘थांबा’ म्हणताच थांबणे, याचा लाभ काहीच न सांगणाऱ्या स्त्रीलाही होतो. यासाठी कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण लागते, वेळ अधिक जातो आणि काही जणींचे दुःख कळतच नाही, हेही खरे.

माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे, आणि त्याचे मोठे कारण इथली परिस्थिती. आशाताई बहुधा त्याच गल्लीतल्या असतात; उंबऱ्यावर सासूसमोर विचारलेला प्रश्न त्या स्त्रीलाच महागात पडू शकतो. सिस्टर कन्नड आणि रुग्ण मराठी बोलणारी असेल, तर दुभाष्याचे काम जावेकडे देऊ नये. स्वतंत्र खोली, तिच्या भाषेत बोलणारी समुपदेशक आणि पुढे धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेपर्यंत पाठवण्याची सोय, हे तिन्ही असेल तरच यादीचा विचार करावा. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा दूरध्वनी क्रमांक आधार देतो, परंतु घरात फोन कोणाच्या हाती असतो, हेही पाहावे लागते.

मार्ग कोणताही असो, अठरा वर्षांखालील मुलीने लैंगिक अत्याचार सांगितल्यास पोक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. गुप्ततेचा शब्द देण्यापूर्वीच तिला हे सांगावे.