टाटा 1210चं 692 इंजिन बांधून घेतलं: नऊ महिन्यांनंतर

माझ्या टाटा 1210 ट्रकच्या 692 इंजिनाचं पूर्ण काम (उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधणं) होऊन नऊ महिने झाले. एक आंब्याचा हंगाम, एक पावसाळा आणि मधल्या दिवसांत चिऱ्याच्या खेपा. गाडी रत्नागिरी पट्ट्यातली, आंबा घाट नेहमीचा. ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा) धड असेल तर बांधूनच घ्या, असं माझं मत. जुन्या बाजारातलं 'रनिंग' इंजिन स्वस्त वाटतं, पण वरून मारलेल्या रंगाखाली काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. आणि उघडायचंच, तर आपलं काय वाईट?

आधी तक्रार ओळखा. काळा धूर असेल तर डिझेलचा पंप आणि नोझल तपासल्याशिवाय इंजिनाला हात लावू नका. ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) धूर फकाफका येतोय, ऑइल कमी होतंय, पण ऑइलचं प्रेशर ठीक, म्हणजे रिंग-लायनर (पिस्टनवरच्या कड्या आणि सिलिंडरमधली बाही) झिजलेत. गरम झाल्यावर प्रेशर पडतं आणि खालून ठोका येतो, म्हणजे क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याची बेअरिंग.

खरा निर्णय क्रँकवर होतो. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) 0.25, 0.50, 0.75 मिमी असं घासत जातात. आत्ता कितवी साइज चालू आहे ते जुन्या बेअरिंगच्या पाठीवर वाचायला मिळतं. शेवटच्या साइजवर आला असेल तर क्रँक नवा धरून हिशेब मांडा. मेन बेअरिंग आपल्या घरात (बसायच्या जागेत) फिरलेलं असेल किंवा ब्लॉकला चीर असेल, तर मात्र दुसरं इंजिन बघा.

लायनर इथे ड्राय, म्हणजे बाहेरून पाणी न लागणारे. प्रेसने बसवून मग बोअर करायचे (आतून मापात कापायचे). लायनरची कॉलर (वरची कड) बसते त्या खाचेत कार्बनचा कण जरी राहिला तरी हेड आवळल्यावर कॉलर तडकते, आणि ते काही दिवसांनी कळतं. रिंग पिस्टनने सरळ आत ढकलून फिलर गेजने (पातळ पट्ट्यांचं माप) रिंगच्या टोकांमधली गॅप मोजा, साधारण 0.3 ते 0.4 मिमी. होनिंगनंतर (दगडाने आतून बारीक रेषा पाडल्यावर) बोअर नुसता डिझेलने धुऊ नका, दगडाची पूड रेषांत तशीच राहते. गरम पाणी, साबण, ब्रश. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच निघेपर्यंत. मग लगेच ऑइल लावा, किनाऱ्यावरच्या हवेत उघडा बोअर रातोरात तांबूस होतो. आमच्या लेथवाल्याने धुणं अर्धवट सोडलं होतं. फडकं करडं निघालं म्हणून पकडलं गेलं.

रनिंग-इनमध्ये (नव्याने बांधलेलं इंजिन सुरुवातीला जपून चालवताना) उभ्या गाडीत तासन् तास आयडलिंग नको, रिंग बसत नाहीत. हलका लोड, आरपीएम बदलता ठेवा, 500 किमीला ऑइल-फिल्टर बदला.

आजची स्थिती: दोन ऑइल बदलांच्या मध्ये टॉप-अप लागत नाही, घाटात गिअर एक वरचा राहतो. क्रँकच्या मागच्या सीलमधून मात्र थोडं ऑइल पाझरतं. क्रँक घासला तेव्हाच सीलची जागा बघायला हवी होती. कूलंटचा खर्च वाचवून विहिरीचं मचूळ पाणी घालणाऱ्यांनी ब्लॉकच्या बाजूचे वेल्श प्लग (ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा बंद करणाऱ्या टोप्या) एकदा काढून बघावेत, आतला गाळ खरवडून काढावा लागतो. अर्थिंगची पट्टी पावसाळ्याआधी घासून ग्रीस लावा, नाहीतर सेल (स्टार्टर) मंद फिरतो आणि दोष बॅटरीवर जातो.

692च्या जागी टाटाचंच मोठं 697 इंजिन घालायचं असेल तर सीसी 4788वरून 5675 होते. आरटीओची परवानगी आधी घ्या, आरसीवर इंजिन नंबर चढवून घ्या. फिटनेसला नंबर जुळला नाही तर गाडी तिथेच अडकते.