जुनं ऑटोरेफ्रॅक्टोमीटर की रेटिनोस्कोप?

मोफत नेत्रशिबिरासाठी थोडे पैसे जमले, की पहिला मोह जुन्या ऑटोरेफ्रॅक्टोमीटरचा होतो. हनुवटी टेकवली की काही सेकंदांत चष्म्याचा नंबर छापून हातात. रांग भराभर सरकते. पण त्याला वीज लागते, पाटोदा-भूमच्या रस्त्यांवर जीप आदळते, आणि लहान मुलं आत बघताना डोळ्यांवर ताण देतात, मग मायनस नंबर वाढीव येतो.

रेटिनोस्कोप, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढायचं हातातलं उपकरण, आणि भिंगांची ट्रायल पेटी एसटीच्या सीटखाली मावते. अंधाऱ्या वर्गखोलीत ६६ सेंटीमीटरवरून बाहुलीतली प्रकाशरेघ हलताना बघायची, भिंगं बदलत राहायची. हलणं थांबून बाहुली पूर्ण उजळली, की आलेल्या नंबरातून त्या अंतरापोटी दीड वजा. हात बसायला महिने लागतात, हे खरंच. तरी आधी हेच घ्या. जुनं यंत्र घ्यायचंच असेल, तर दुरुस्ती करणारा छत्रपती संभाजीनगरात तरी मिळतो का, ते आधी विचारा.