आधी शांतता की आधी खटला? टेलर, मिलोशेविच आणि हाब्रे शेजारी शेजारी ठेवून

४ जून २००३, घानाची राजधानी अक्रा. लायबेरियातलं यादवी युद्ध थांबावं म्हणून बोलणी सुरू व्हायची होती आणि लायबेरियाचा राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर त्यासाठी स्वतः आला होता. शेजारच्या सिएरा लिओनसाठी नेमलेल्या विशेष न्यायालयाने त्याच्याविरुद्धचं आरोपपत्र मार्चपासून मोहोरबंद ठेवलं होतं. ते नेमकं त्याच दिवशी उघड झालं. घानाला निरोप गेला, माणूस तुमच्याकडेच आहे, अटक करा.

घानाचं सरकार कात्रीत सापडलं. वाटाघाटीला बोलावलेल्या पाहुण्याला बेड्या घातल्या तर उद्या कुठला सेनापती बोलणी करायला येईल? आणि सोडून दिलं तर सिएरा लिओनमध्ये ज्यांचे हात तोडले गेले त्यांना काय तोंड दाखवायचं? कागदपत्रं वेळेत पोचली नाहीत असं सांगून घानाने टेलरला विमानात बसवलं आणि मायदेशी धाडलं. पुढचे दोन महिने लायबेरियाच्या राजधानीवर, मन्रोव्हियावर, तोफगोळे पडत राहिले, शेकडो माणसं मेली.

युद्धगुन्ह्यांबद्दल देशाच्या प्रमुखाला जाब विचारावा का, यावर मत बनवायचं असेल तर अक्रापासून सुरुवात करावी. तत्त्वाला मान डोलवायला काही लागत नाही. पण परक्या नेत्याची गोष्ट निघाली की आपण सगळे न्यायाधीश होतो आणि आपल्या बाजूच्या नेत्याची निघाली की वकील. म्हणून आज चालू असलेल्या युद्धांतली नावं मी मुद्दाम बाजूला ठेवली आहेत. टेलर, सर्बियाचा स्लोबोदान मिलोशेविच आणि चाडचा हिसेन हाब्रे या तिघांच्या फायली बंद झाल्या आहेत, त्या बघू. त्याआधी खटला न भरण्याचा पर्याय तपासायला हवा. तो फार स्वस्तात उडवून लावला जातो.

अभय देऊन पाहिलं तेव्हा

सिएरा लिओनने ते करून पाहिलं होतं. तिथे १९९१ पासून, टेलरच्या मदतीवर पोसलेल्या आरयूएफ या बंडखोर संघटनेचं युद्ध चालू होतं. हिऱ्यांच्या खाणी त्यांच्या ताब्यात, लहान पोरांच्या हातात बंदुका, आणि जरब बसावी म्हणून गावकऱ्यांचे हातपाय तोडायचे. जुलै १९९९ मध्ये टोगोची राजधानी लोमे इथे करार झाला. बंडखोरांना सरसकट माफी मिळाली. त्यांचा म्होरक्या फोडे सांको याला उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा मिळाला आणि देशाच्या खनिजसंपत्तीवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपदही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

वर्ष उलटायच्या आत, मे २००० मध्ये, आरयूएफने संयुक्त राष्ट्रांच्या शेकडो शांतिसैनिकांना ओलीस धरलं. कैलाहुनमध्ये दोनशेहून अधिक भारतीय अडकले होते. सुमारे अडीच महिन्यांच्या वेढ्यानंतर जुलैत ‘ऑपरेशन खुकरी’ करून त्यांना बाहेर काढावं लागलं. आपल्याकडे ती शौर्यकथा म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण लोमेच्या माफीचं बिल आपल्या जवानांनाही भरावं लागलं, हे त्या कथेत सहसा येत नाही.

दुसरी बाजूही खोटी नाही. ११ ऑगस्ट २००३ ला टेलरने खुर्ची सोडली ती नायजेरियातल्या कालाबारमध्ये बंगला मिळणार या भरवशावर. १८ ऑगस्टला शांतता करार झाला, म्हणजे अवघ्या आठवड्यात. त्याच्यापुढे फक्त कोठडी असती तर तो राजधानीत ठाण मांडून बसला असता, असं म्हणणाऱ्यांना खोडून काढणं कठीण आहे. मला एवढंच दिसतं की अंगावर आरोपपत्र असलेल्या माणसाला वाटाघाटीत कुणी भावी सत्ताधारी म्हणून धरत नाही. त्याला घालवायला बंगला कामी आला आणि तो परत येऊ नये यासाठी आरोपपत्र.

अभय पचल्याचं उदाहरण हवं तर जपान. दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोत चाललेल्या खटल्यात २८ जणांवर आरोप ठेवले गेले, माजी पंतप्रधान तोजो फासावर गेला, पण ज्याच्या नावाने युद्ध लढलं गेलं त्या सम्राट हिरोहितोला साक्षीलाही बोलावलं नाही. जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकी जनरल मॅकआर्थरला देश हाकायला सम्राट हवा होता. तोजो साक्षीत बोलून गेला की सम्राटाच्या इच्छेविरुद्ध कुठलाही जपानी माणूस जाणार नाही. आठवड्याभरात त्याने ते विधान सावरून घेतलं. जपान शांत राहिला, श्रीमंत झाला, हिरोहितो १९८९ पर्यंत गादीवर होता. मात्र चीन आणि कोरियाच्या डोक्यातून तो हिशेब अजून गेलेला नाही.

पकडलं कुणी, कशाच्या बदल्यात

तिघांमधला खरा फरक इथे सुरू होतो.

मिलोशेविचवर आरोप ठेवले गेले २७ मे १९९९ ला, नाटोची विमानं सर्बियावर बॉम्ब टाकत असताना. पदावर असलेल्या राष्ट्रप्रमुखावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने युद्धगुन्ह्यांचे आरोप ठेवण्याची ही पहिलीच वेळ. ऑक्टोबर २००० मध्ये लोकांनीच त्याला रस्त्यावर उतरून घालवलं. इथवर ठीक होतं. पण सर्बियाचे पंतप्रधान जोरान जिंजिच यांच्या सरकारने त्याला हेगला, युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात, पाठवलं ती तारीख होती २८ जून २००१, आणि दुसऱ्याच दिवशी ब्रसेल्समध्ये देणगीदार देशांनी सर्बिया तेव्हा ज्याचा भाग होता त्या युगोस्लाव्हियासाठी सव्वा अब्ज डॉलरहून जास्त मदत जाहीर केली. २८ जून म्हणजे सर्बांचा विदोवदान, १३८९ च्या कोसोव्होच्या लढाईचा स्मरणदिन. त्या दिवशी माजी अध्यक्ष पैशासाठी विकला, ही भावना अनेक सर्बांच्या मनात कायमची बसली. मार्च २००३ मध्ये जिंजिच यांची गोळी घालून हत्या झाली.

टेलरचं घोंगडं कालाबारमध्ये अडीच वर्षांहून जास्त भिजत पडलं होतं. लायबेरियात एलन जॉन्सन सरलीफ निवडून आल्या आणि मार्च २००६ मध्ये त्यांनी त्याला मागून घेतलं. लगेच तो बंगल्यातून गायब झाला आणि दोन दिवसांनी कॅमेरूनच्या सीमेवर सापडला. सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाऊनमध्ये, खटला चालवला तर दंगे होतील या भीतीने त्याला हेगला हलवलं. न्यायालय सिएरा लिओनसाठी नेमलेलं, पण हात गमावलेल्या माणसापासून ते हजारो किलोमीटर दूर.

हाब्रेला मात्र कुठल्याच मोठ्या देशाला पकडायचं नव्हतं. १९८२ ते १९९० तो चाडवर राज्य करत होता तेव्हा लिबियाच्या गडाफीविरुद्धचा मोहरा म्हणून अमेरिका आणि फ्रान्सनेच त्याला पोसलं होतं. सत्ता गेल्यावर तो सेनेगलमध्ये डाकारला सुखाने राहू लागला. त्याच्यामागे लागली ती त्याच्याच तुरुंगातून जिवंत सुटलेली माणसं. सुलेमान गेंगेंग हे हिशेबनीस. दोन वर्षं कोठडीत काढल्यावर सुटले आणि त्यांनी पीडितांच्या जबान्या लिहून घ्यायला सुरुवात केली. ७९२ जणांच्या फायली जमल्या. धमक्या येऊ लागल्या तेव्हा त्या घरात लपवून ठेवल्या. सेनेगलच्या कोर्टांनी आधी ‘आम्हाला अधिकार नाही’ म्हणून हात झटकले. मग बेल्जियमने वॉरंट काढलं, आफ्रिकन युनियनने सेनेगलला सांगितलं की आफ्रिकेच्या वतीने तुम्हीच खटला चालवा, आणि जुलै २०१२ मध्ये देशादेशांतले वाद ऐकणाऱ्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला की खटला भरा, नाहीतर प्रत्यार्पण करा. अटक झाली ती जून २०१३ मध्ये. बावीस वर्षांहून जास्त काळ गेला होता.

सहीचा कागद कुठे मिळतो?

देशाचा प्रमुख स्वतः कुऱ्हाड चालवत नाही. त्यामुळे हुकूम वरून आला, हे सिद्ध करण्यातच सगळा कस लागतो. त्याला सोडून फक्त शिपायांना शिक्षा करायची म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

मिलोशेविचवर कोसोव्हो, क्रोएशिया आणि बोस्नियातल्या युद्धांबद्दल मिळून ६६ आरोप होते. सगळं एकाच खटल्यात कोंबलं गेलं आणि तिथेच चूक झाली, असं माझं मत. त्याने वकील नाकारला, स्वतः उलटतपासण्या घेतल्या, आणि सर्बियात टीव्हीवर थेट दिसणाऱ्या कोर्टाचं प्रचारसभेत रूपांतर केलं. हृदयविकारामुळे तारखा पडत राहिल्या. ११ मार्च २००६ ला तो कोठडीत मेला. चार वर्षांच्या कामकाजानंतर निकाल शून्य. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असं म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे ऐकून नवल वाटलं नसतं.

टेलरच्या खटल्यात शंभरावर साक्षी झाल्या. आरयूएफ त्याच्या हुकमतीखाली होती, हे फिर्यादी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. सिद्ध झालं ते एवढंच की हिऱ्यांच्या बदल्यात शस्त्रं पुरवून त्याने गुन्ह्यांना मदत केली आणि काही हल्ल्यांची आखणी केली. ते पुरेसं ठरलं. २०१२ मध्ये अकराही आरोपांत तो दोषी ठरला, ५० वर्षांची शिक्षा झाली, २०१३ मध्ये अपिलात ती कायम राहिली. हुकूम सापडला नाही तरी मदतीचा माग काढता येतो, हे या निकालातून कळलं.

हाब्रेच्या बाबतीत कागदच सापडले. २००१ मध्ये त्याच्या गुप्त पोलिसांच्या ओसाड पडलेल्या मुख्यालयात जमिनीवर हजारो कागद विखुरलेले मिळाले. त्यांत १२,३२१ पीडितांची नोंद होती, कोठडीत मेलेल्या १,२०८ जणांची नोंद होती. आणि एक कागद असा: आजारी युद्धकैद्यांना दवाखान्यात हलवू द्या, ही रेडक्रॉसची विनंती. त्यावर हाताने शेरा मारलेला, की यापुढे मृत्यू झाल्याशिवाय कुणाही युद्धकैद्याला बाहेर काढू नये. हस्ताक्षरतज्ज्ञाने ते अक्षर हाब्रेचं असल्याचं सांगितलं. हाब्रे डाकारच्या कोर्टात फेटा आणि काळा चष्मा घालून गप्प बसून राहिला, पहारेकऱ्यांना त्याला उचलून आणावं लागलं. न्यायाधीशांनी त्याला वकील नेमून दिले आणि काम पुढे रेटलं. हेगने मिलोशेविचच्या बाबतीत हे २००४ मध्ये करून पाहिलं, पण अपिलात ते सैल करावं लागलं. जुलै २०१५ मध्ये सुनावणी सुरू, मे २०१६ मध्ये जन्मठेप. न्यायालयाचा अंदाजित खर्च सुमारे ८६ लाख युरो, आंतरराष्ट्रीय न्यायालयांच्या मानाने अगदीच किरकोळ.

पण डाकारलाही डोक्यावर घेऊ नका. अपिलात पीडितांना ८२ अब्जांहून अधिक सीएफए फ्रँक भरपाई मंजूर झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये हाब्रे कोविडने वारला तेव्हा त्यातला छदामही त्यांच्या हाती पडला नव्हता.

बळी तो कान पिळी

विरोधकांचा सगळ्यात दमदार मुद्दा हा आहे आणि तो आपल्याच एका माणसाने सगळ्यात नेटाने मांडला. टोकियोच्या अकरा न्यायाधीशांपैकी कलकत्त्याचे राधाबिनोद पाल यांनी बाराशेहून अधिक पानांचं वेगळं निकालपत्र लिहून सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवलं. जपानी सैन्याने अत्याचार केलेच नाहीत, असं पाल म्हणाले नव्हते. जेत्यांनी नंतर केलेल्या कायद्याने पराभूतांना शिक्षा देता येत नाही, आणि अणुबॉम्ब टाकणाऱ्यांना कुणी विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे हेच दिसत राहिलं. नाटोच्या बॉम्बफेकीची चौकशी उघडायची नाही असं मिलोशेविचवर आरोप ठेवणाऱ्याच न्यायालयाच्या अभियोक्त्यांनी २००० मध्ये ठरवलं. हाब्रेचा एके काळचा सेनाप्रमुख इद्रिस डेबी खटला चालू असताना चाडचा राष्ट्राध्यक्ष होता.

कायदा म्हणाल तर परदेशातली कोर्टं पदावरच्या नेत्याला हात लावू शकत नाहीत, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय लावू शकतं. ते स्थापणाऱ्या १९९८ च्या रोम करारातल्या कलम २७ मध्ये पदाचं कवच साफ नाकारलं आहे. त्या करारावरच्या मतदानात भारत तटस्थ राहिला आणि अजून सदस्य नाही. त्यामुळे २०१५ मध्ये सुदानचा ओमर अल-बशीर डोक्यावर त्याच न्यायालयाची दोन वॉरंटं घेऊन दिल्लीच्या शिखर परिषदेला आला आणि पाहुणचार घेऊन परत गेला. मत बनवताना हेही लक्षात असू द्या, कारण कुणी विचारलंच तर उत्तर आपल्यालाही द्यायचं आहे.

माझा कल खटल्याकडे आहे. पालांचा आक्षेप खरा आहे, पण तो पुरता लावला तर जगात कुणालाच शिक्षा होणार नाही. एक चोर सुटला म्हणून दुसऱ्याला सोडा, असं आपण गल्लीतही म्हणत नाही. खटला कुठे, याला माझं उत्तर शक्य तितका जवळ, पीडितांनी गोळा केलेल्या कागदांवर, आणि आरोप थोडे. तारीख मात्र मागेपुढे करायला माझी ना नाही. माफी द्यायची नाही, पण अटकेसाठी दोन-तीन वर्षं थांबायची तयारी ठेवायची. अक्रामध्ये टेलरला त्याच दिवशी पकडायला हवं होतं का, यावर मी अजून डळमळतो. कालाबारच्या बंगल्याने माणसं वाचली असतील, पण तो बंगला कायमचा ठरला असता तर?

थांबण्यात काय जातं, ते लायबेरियाला विचारावं. टेलरला शिक्षा झाली ती सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांची. ज्या देशावर त्याने राज्य केलं त्या लायबेरियातल्या युद्धाचा एकही खटला त्याच्यावर चालला नाही. तिथल्या सत्यशोधन आयोगाने २००९ मध्ये विशेष न्यायालय मागितलं होतं. ते स्थापण्यासाठी कार्यालय उघडण्याच्या आदेशावर सही झाली मे २०२४ मध्ये. त्याआधीच्या महिन्यात सिनेटने ठराव केला, आणि त्यावर सह्या करणाऱ्यांत प्रिन्स जॉन्सन हा सिनेटरही होता. १९९० मध्ये याच जॉन्सनने तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष सॅम्युएल डो याला पकडून त्याचे हाल केले होते, बीअर पीत, कॅमेऱ्यासमोर. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो वारला. न्यायालय अजून उभं राहायचं होतं.