वजनाचं पेन की पोटाचं ऑपरेशन? इंदूरच्या गिऱ्हाइकाच्या नजरेतून

वजन उतरवायला पैसे मोजायची तयारी असलेल्या माणसापुढे इंदुरात आज दोन दुकानं उघडी आहेत. एकात आठवड्याला एकदा टोचायचं पेन मिळतं, दुसऱ्यात दुर्बिणीतून पोटाचं ऑपरेशन होतं. दोन्हींच्या जाहिराती पहिल्या सहा महिन्यांच्या फोटोंवर चालतात. कस लागतो तो दीड-दोन वर्षांनी, आणि त्याबद्दल काउंटरवरचा माणूस विचारल्याशिवाय बोलत नाही. म्हणून इथे 'पुढे काय' याचेच गुण जास्त धरले आहेत.

आधी कोण कशात बसतं ते. भारतीयांमध्ये बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 23 च्या वर गेला की वजन जास्त आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात. वजनाच्या पेनची शिफारस 30 पासून आहे. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असं काही सोबत असेल तर 27 पासून. ऑपरेशनसाठी आपल्याकडे 37.5, आणि आजार सोबत असेल तर 32.5 हा आकडा बरीच वर्षं वापरात आहे. 2022 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी तो आणखी खाली आणला. 160 सेंटिमीटर उंचीच्या बाईंसाठी 27 म्हणजे 69 किलो, 32.5 म्हणजे 83 किलो आणि 37.5 म्हणजे 96 किलो. लग्नसराईआधी पाच-सहा किलो घालवायला पेन मागणाऱ्यांसाठी या दोन्ही दुकानांत काही नाही.

चाचण्यांचे आकडे पेनच्या बाजूने चांगले बोलतात. सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोवी नावाच्या पेनमधलं औषध, 2021 च्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन घटवून गेलं. 2025 मध्ये मौंजारो या दुसऱ्या पेनमधलं टिर्झेपटाइड त्याच्यासमोर उभं केलं, तेव्हा 72 आठवड्यांत टिर्झेपटाइडवाल्यांचं 20.2 टक्के आणि सेमाग्लुटाइडवाल्यांचं 13.7 टक्के वजन उतरलं. ऑपरेशनचे मुख्य प्रकार दोन: स्लीव्ह, ज्यात जठराचा मोठा भाग काढून टाकतात, आणि बायपास, ज्यात जठर छोटं करून त्याला पुढचं आतडं जोडतात. स्लीव्हमध्ये साधारण पाव वजन जातं, बायपासमध्ये 30 टक्क्यांच्या आसपास. एवढं वाचून फरक किरकोळ वाटेल. पण त्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदी मांडल्या गेल्या, त्यात दोन वर्षांनी ऑपरेशनवाल्यांची घट 24 टक्के होती आणि निदान सहा महिने इंजेक्शन घेतलेल्यांची 4.7. सलग वर्षभर घेतलेलेही 7 टक्क्यांपाशीच होते. औषध तेच, पण चाचणीत डोस पूर्ण चढवतात, मागे लागून घेववतात आणि पैसे कंपनी भरते. बाहेर लोक उलटीला किंवा बिलाला कंटाळून मधेच सोडतात. सोडल्यावर वर्षभरात गेलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन परत येतं, हेही सेमाग्लुटाइडच्या चाचणीतच दिसलं आहे.

आता बिल. वेगोवी जून 2025 मध्ये भारतात आली तेव्हा महिन्याला 17,345 पासून 26,015 रुपये होते. नोव्हेंबरात कंपनीने ते 10,850 ते 16,400 वर आणले. मौंजारोचं क्विकपेन ऑगस्ट 2025 मध्ये 14,000 ते 27,500 रुपयांना उतरलं. वरच्या डोसवर वर्ष काढायचं तर त्या भावाने तीन लाख तीस हजार, म्हणजे जवळपास एका स्लीव्हचा खर्च. मार्च 2026 मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं, त्यामुळे भारतीय कंपन्यांचा रस्ता मोकळा झाला. जुना भाव कुणी तोंडावर फेकला तर दवा बाजारात दोन ठिकाणी विचारून मगच पैसे काढावेत. टिर्झेपटाइडला हे लागू नाही.

पेन वापरताना चुका ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे पहिल्याच महिन्यात काटा हलला नाही म्हणून डोस वाढवणं. वेगोवीचा 0.25 मिलिग्रॅमचा डोस फक्त पोटाला सवय लागावी म्हणून आहे. चार-चार आठवड्यांनी 0.5, 1, 1.7 आणि 2.4 असं चढायचं. घाई केली की उलट्या, आणि उलट्या झाल्या की पेन कपाटात. दुसरी चूक काटकसरीची: पेनची कळ फिरवताना होणारे क्लिक मोजून एका पेनचे जास्त डोस काढणं, किंवा क्विकपेनमध्ये चार डोसांनंतर उरलेलं औषध पाचवा म्हणून टोचणं. तो उरलेला भाग हिशेबातला नसतो. त्यातून नेमका किती डोस जातो ते कळत नाही. पेन नवरा-बायकोत वाटून घ्यायचं नाही, सुई बदलली तरीही नाही, कारण रक्त मागे पेनमध्ये जाऊ शकतं. डोस चुकला तर वेगोवी पाच दिवसांच्या आत घेता येते, मौंजारो चार. त्यानंतर तो सोडून पुढच्या ठरल्या वारी घ्यायचा.

न उघडलेलं पेन 2 ते 8 अंशांत राहायला हवं. वापर सुरू झाल्यावर वेगोवी सहा आठवडे आणि क्विकपेन 30 दिवस चालतं, पण तापमान 30 अंशांखाली असेल तरच. इंदूरच्या मे महिन्यात घरातली खोलीही त्यावर जाते, म्हणून उन्हाळाभर फ्रिजच बरा. मधल्या खणात ठेवा, मागच्या भिंतीला चिकटू देऊ नका. गोठलेलं पेन वितळलं तरी फेकायचंच. दवा बाजारातून सुदामा नगरपर्यंत स्कूटीच्या डिकीत पेन नेणारे औषध शिजवून नेतात. थंड पिशवी मागा आणि बर्फाचा पॅक व पेन यांमध्ये एक टॉवेल ठेवा. पक्कं बिल आणि बॅच नंबरशिवाय घेऊच नका. नकली सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून 2024 मध्ये इशारा दिला होता.

डॉक्टरने विचारलं नाही तरी सांगायच्या गोष्टी: घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झालेला असणं, पूर्वी स्वादुपिंडाला सूज आलेली असणं, डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम, आणि मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी किंवा इन्सुलिन चालू असणं. शेवटचं सर्वात जास्त राहून जातं. त्यांचा डोस कमी केला नाही तर भूक गेलेल्या माणसाची साखर पहाटे धाडकन उतरते. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिर्झेपटाइड सुरू करताना आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीच्या भरवशावर राहू नये. कुठल्याही भूल द्यायच्या ऑपरेशनआधी पेन चालू असल्याचं सांगा. उपाशी असूनही जठरात अन्न राहिलेलं असू शकतं.

ऑपरेशनचं दुकान जुनं आहे आणि त्यात इंदूरचा हात चांगला बसलेला आहे. बाहेरगावचे रुग्ण इथे मुद्दाम येतात. खासगीत खर्च साधारण अडीच ते पाच लाखांच्या पट्ट्यात जातो. पॅकेजचा आकडा ऐकून मान डोलावण्याआधी त्यात काय नाही ते विचारा: आधीच्या तपासण्या, आयसीयूचा दिवस, आणि मुख्य म्हणजे जठर कापून पिनांनी शिवणाऱ्या स्टेपलरची कार्ट्रिज. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढतात. आत 36 ते 40 फ्रेंच (हे नळीच्या जाडीचं माप) जाडीची नळी ठेवून तिच्या कडेने स्टेपलर चालवतात आणि 60 मिलिमीटरची पाच-सहा कार्ट्रिज सहज लागतात. जठराची खालची भिंत जाड असते, तिथे उंच पिनांचं कार्ट्रिज हवं; तिथे स्वस्त किंवा चुकीचं वापरलं तर टाके नीट बसत नाहीत. बिलावर कंपनी आणि संख्या लिहून मागण्यात संकोच नको.

स्लीव्ह की बायपास, हे एंडोस्कोपी न करता ठरवणारा सर्जन असेल तर उठून यावं. छातीत जळजळ आधीच असेल तर स्लीव्हनंतर ती वाढते. अशांना बायपास बरा. जुन्या मधुमेहातही बायपासचं पारडं जड. मिनी बायपासमध्ये जोड एकच असल्याने काम लवकर उरकतं, पण पित्त वर येण्याचा त्रास होऊ शकतो, आणि आतडं 200 सेंटिमीटरहून जास्त वगळलं तर शाकाहारी माणसात प्रथिनं इतकी कमी पडतात की पायावर सूज येते. आपल्याकडची वरण-भात, पोळी-भाजी पाहता सेंटिमीटरचा प्रश्न आधीच विचारलेला चांगला.

ऑपरेशनआधी दोन आठवडे कमी उष्मांकाचा द्रव आहार देतात तो यकृत आक्रसावं म्हणून. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो आणि फुगलेला असला तर सर्जनला जठर दिसतच नाही. तंबाखू, गुटखा, सिगारेट निदान सहा आठवडे आधी बंद, आणि बायपास केला तर कायमची. जोडावर अल्सर होतो तो याने आणि दुखण्यावर मनाने घेतलेल्या ब्रुफेन-कॉम्बिफ्लॅमने. अनुभवी ठिकाणी मृत्यूचा धोका हजारात एकाच्या आसपास आहे. स्लीव्हमध्ये टाक्यांतून गळती शंभरात एकाला होऊ शकते आणि ती घरी गेल्यावरही उघडते. ताप नंतर येतो. आधी नाडी पळते. बसल्या जागी 120 च्या वर राहिली, डावा खांदा दुखू लागला, तर गॅस समजून ओवा खात बसू नये.

घरी आल्यावर सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी 30 मिलिलिटर पाणी, दोन आठवडे द्रव, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. रोज 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं. 100 ग्रॅम पनीरमध्ये 18, अंड्यात 6, वाटीभर वरणात जेमतेम 6-7, पोह्यांत थोडीच, आणि साबुदाण्यात जवळजवळ काहीच नाही. पेनवाल्यांनाही हे लागू आहे; घटलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचाही हिस्सा असतो, आणि भूक नसलेल्या माणसाने वर चतुर्थी-एकादशी धरली की तो आणखी वाढतो. बायपासनंतर छप्पन दुकान या खाऊगल्लीत जलेबी किंवा सराफ्यात गोड दुधाची शिकंजी घेतली तर अर्ध्या तासात घाम, धडधड आणि जुलाब. दोन तासांनी साखर उतरण्याची पाळी वेगळी.

गोळ्या जन्मभर. बी12, लोह, डी3 आणि रोज 1200 ते 1500 मिलिग्रॅम कॅल्शियम सायट्रेट. मेडिकलवाला कार्बोनेट देतो ते परत करा. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तास, लोह आणि चहामध्येही. तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी रक्त तपासायचं. पॅकेजमध्ये या तपासण्यांचं नाव नसेल तर त्या रुग्णालयाला आमचे गुण अर्धे.

विम्याचं थोडक्यात. विमा नियामकाच्या नियमाने बीएमआय 40, किंवा 35 आणि सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असेल, आणि साधे उपाय फसल्याची नोंद असेल, तर ऑपरेशनचा दावा मान्य होऊ शकतो. वेटिंग पिरियड आपापल्या पॉलिसीत पाहा. पेनचा खर्च बहुतेक वेळा खिशातूनच.

आमचा कौल: बीएमआय 27 ते 35, आणि दोन वर्षांचे पैसे बाजूला काढता येत असतील, तर पेन. हृदयविकार असलेल्यांना सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 20 टक्के कमी झाल्याचं 2023 मध्ये दिसलं, तो वेगळा फायदा. 40 च्या वर, किंवा 35 च्या वर मधुमेह असेल, तर पेनवर वर्ष घालवण्यापेक्षा ऑपरेशन; मधुमेह जितका नवा, तितकी तो मागे हटण्याची शक्यता जास्त. 50 च्या वर आधी पेनने वजन उतरवून मग ऑपरेशन करतात, आणि ऑपरेशननंतर वजन परत चढलेल्यांना पेन देतात.

डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचा प्रकार, वगळलेल्या आतड्याची लांबी आणि कार्ट्रिजचे नंबर लिहून घ्या आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा. सतत उलट्या होऊन देवास किंवा महूच्या एखाद्या दवाखान्यात जावं लागलं, तर तिथे पहिली बाटली बहुधा ग्लुकोजच्या सलाईनची लागते. थायमिनचं, म्हणजे बी1 चं इंजेक्शन त्याच्या आधी जायला हवं. नाहीतर मेंदूला इजा होऊन चालताना तोल जातो, नजर दुहेरी होते. हे वाक्य सर्जनकडून कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहवून घ्यावं.