आईच्या खोलीतला अमसुली

रंगाच्या डब्यावर लिहिलं होतं, ‘दोन हात पुरेसे’. आमच्या भिंतीच्या डाव्या अर्ध्या भागाला पाच हात लागले, उजव्याला तीन. तरी कुणी विचारलं तर हाच रंग घ्या म्हणेन, फक्त त्याआधी हे सगळं वाचा.

वस्तू अशी: पाण्यात कालवायचा, धुता येतो असं सांगितलेला मॅट (बिनचमकीचा) इमल्शन, डीप बेसमध्ये, म्हणजे गडद छटांसाठीच्या मूळ रंगात, मशीनवर टिंट करून दिलेला, चार लिटरचा डबा. शेडकार्डवर या छटेला नुसता एक आकडा आहे. आई तिला अमसुली म्हणते आणि घरात आता तेच नाव रुळलंय. जांभळाच, पण आत काळसर, तांबूस काहीतरी दडलेलं. हा रंग आईच्या पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीवर आहे. भिंत बारा फूट बाय साडेनऊ फूट. बाकी तीन भिंतींवर त्याच कंपनीचा, त्याच प्रकारातला राखाडी लव्हेंडर. रंग लागून आठ महिने झाले.

ही आमची दुसरी फेरी. पहिल्या फेरीतली चूक सांगितल्याशिवाय दुसरीचं कौतुक कळणार नाही.

आईला पूर्वीपासून जांभळी खोली हवी होती. ‘जन्मभर क्रीम रंगाच्या भिंतींत राहिले, आता ही खोली माझी एकटीची आहे ना?’ असं ती म्हणाली, आणि मला ते मनापासून पटलं. तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला होता. शेडकार्डवर तिने बोट ठेवलं ते चांगल्या झगझगीत लव्हेंडरवर. मी म्हटलं, ‘आई, भडक होईल गं.’ ती म्हणाली, ‘भडक? मला तर हा जेमतेम जांभळा दिसतोय.’ पोस्टाच्या तिकिटाएवढा तो चौकोन बघून मीही फार ताणलं नाही. चारही भिंतींना तोच दिला.

महिन्याभराने उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी आली, खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘अगं, हे काय केलंस?’

कारण तिच्या डोळ्यातच होतं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, मोतीबिंदूत तर तपकिरी होतं. पिवळी काच निळा आणि जांभळा प्रकाश अडवते. ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवलं की इतकी वर्षं अडलेला प्रकाश एकदम आत येतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याचं असंच ऑपरेशन १९२३ साली झालं होतं, आणि त्यानंतर त्यांनाही निळ्या रंगाने हैराण केलं होतं. आई पुढचे कित्येक दिवस एकेक डोळा तळहाताने झाकून भिंत बघायची. उजव्याने जांभळी, डाव्याने मातकट. ती पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होती. तिला या प्रयोगाचं फार अप्रूप. पण झोप लागेना.

दुसरी चूक माझी. एक जांभळी भिंत दुसऱ्या जांभळ्या भिंतीवर प्रकाश टाकते, तो तिथून आणखी जांभळा होऊन परत येतो. चारही भिंती एकाच रंगाच्या झाल्या की कार्डवरची छटा खोलीत कितीतरी गडद आणि उग्र होते. शिवाय खोलीतलं पांढरं दार पिवळट दिसायला लागलं. मी ते दोनदा पुसलं, रंगारीदादांना दाखवलं. ते म्हणाले, ‘ताई, दार पांढरंच आहे, बाहेर नेऊन बघा.’ खरंच होतं. शेव्रल नावाचे फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॅरिसला गोबेलँच्या विणकाम कारखान्यात रंगाई बघायचे. तिथे तक्रार आली होती की निळ्या-जांभळ्या कापडातला काळा धागा मिळमिळीत दिसतो. त्यांनी तपासलं तर काळ्यात दोष नव्हता, शेजारचा रंग त्याला बिघडवत होता. हे सगळं त्यांनी १८३९ मध्ये छापलंही. जांभळ्याच्या विरुद्ध पिवळा, म्हणून जांभळ्याशेजारी ठेवलेलं पांढरं पिवळ्याकडे झुकतं. गोष्ट आईने सांगितली, पण पटली ती दाराशी उभं राहिल्यावरच.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही घाई केली नाही. छोटे नमुना डबे आणले, जाड पुठ्ठ्याचे वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढे तुकडे कापले, प्रत्येकावर दोन हात दिले आणि कडेने दोन बोटं पांढरी पट्टी सोडली. ते पुठ्ठे खोलीभर फिरवले. खिडकीशेजारी, खिडकीसमोर, कोपऱ्यात, पलंगामागे. एकूण सात छटा होत्या. आईने डाव्या डोळ्याला मतदानाचा हक्क नाही असं जाहीर केलं.

सातपैकी चार पहिल्याच दिवशी गळल्या. त्या कार्डवर सगळ्यात गोड दिसत होत्या. उरलेल्या तिघींच्या नमुना डब्यांच्या झाकणावर दुकानदाराने फॉर्म्युल्याची चिठ्ठी चिकटवली होती. मशीनने कुठला रंग किती टाकला ते त्यावर छापलेलं असतं. ती मी तोवर कधी वाचली नव्हती. गळलेल्या चारांत जांभळा आणि लाल, बस्स. टिकलेल्या तिन्हींत काळा होता, आणि अमसुलीत काळ्याच्या जोडीला रेड ऑक्साइड, म्हणजे विटकरी गेरूसारखं. घरात राहण्याजोगा जांभळा हा असा मळवलेला असतो, एवढंच मला या सगळ्यातून ठामपणे सांगायचं आहे. शुद्ध जांभळा कापडावर, फुलावर, वहीच्या पुठ्ठ्यावर सुरेख. भिंतीवर तो डोळ्याला सोडत नाही. दुकानात गेलात तर ‘यात काळा किंवा अंबर (मातकट तपकिरी) किती आहे?’ हे विचारा. उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर आधी नमुना लावून बघा.

कार्डच्या मागे आणखी एक आकडा असतो, लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू. काळ्याला शून्य, पांढऱ्याला शंभर धरून रंग किती प्रकाश परत फेकतो ते त्यावरून कळतं. आमचा अमसुली ९, राखाडी लव्हेंडर ६२. आईच्या खोलीत थेट ऊन येत नाही, म्हणून ९ ची भिंत एकच आणि ६२ च्या तीन. दोन्ही गडद-मध्यम घेतले असते तर दिवसाही दिवा लावावा लागला असता.

आता प्रत्यक्ष रंगकाम. पुन्हा तेच रंगारीदादा आले. पॉलिशपेपर, लांबीची दुरुस्ती, प्रायमर हे ओळखीचंच. डाव्या अर्ध्या भागावर नेहमीचा पांढरा प्रायमर लावून झाल्यावर त्यांनी डबा उघडून काठी फिरवली, रंग काठीवरून ओघळताना बघितला आणि थांबले. ‘ताई, हा झाकणार नाही. प्रायमर करडा करू या.’ उरलेल्या प्रायमरमध्ये त्यांनी काळा स्टेनर, म्हणजे छटा देणारा दाट रंग, टाकून सिमेंटसारखा करडा केला आणि उजवा अर्धा त्याने रंगवला. म्हणून डाव्याला पाच हात, उजव्याला तीन. डीप बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे खालचं झाकून टाकणारं पांढरं द्रव्य, अगदी थोडं असतं. ते जास्त घातलं तर गडद रंग गडद होणारच नाही. जांभळी रंगद्रव्यं स्वतः बरीचशी पारदर्शक, त्यामुळे खालचं पांढरं वर डोकावत राहतं. कंपनीला हे माहीत असणारच. मग डब्यावर ‘करड्या प्रायमरवर लावा’ एवढी एक ओळ छापायला काय हरकत होती? माझी या मालाबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. पाच हातांचा रंग, पाच हातांची मजुरी आणि दोन दिवस जास्त.

पहिला हात दिल्यावर घाबरू नका. भिंत ढगाळ, ठिगळं लावल्यासारखी दिसते. ओला असताना रंग दुधाळ आणि फिकट वाटतो. त्यातला पांढुरका बाइंडर, म्हणजे रंगाला भिंतीवर धरून ठेवणारा चिकट घटक, सुकून पारदर्शक झाला की खरी छटा वर येते. तोवर काही बोलू नये, असं दादांनी मला सांगितलं आणि मी बोलले नाही.

हात वाळायची वाट बघताना आई त्यांना जांभळ्याची गोष्ट सांगत बसली होती. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचं क्विनाइन प्रयोगशाळेत बनवायला गेला. कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या अॅनिलिनवर प्रयोग करताना त्याच्या भांड्यात काळा गाळ राहिला, आणि तो धुताना अल्कोहोल जांभळं झालं. त्याने त्यात रेशीम बुडवलं. तोच मॉव्ह नावाचा जांभळा. फार पूर्वी समुद्री गोगलगायींपासून जांभळा काढत. तो रंग नक्की कोणता पदार्थ आहे हे शोधायला १९०९ मध्ये फ्रीडलेंडर या रसायनतज्ज्ञांनी बारा हजार गोगलगायी वापरल्या, तेव्हा हातात आलं जेमतेम १.४ ग्रॅम. दादांनी चार लिटरच्या डब्याकडे बघितलं आणि झाकण नीट दाबून बसवलं.

दिव्यांचा विषय मी आधी किरकोळ समजत होते. तो नाही. जांभळा हा लाल आणि निळ्या अशा दोन टोकांवर उभा असतो. दिव्यात ज्याची कमतरता, ते टोक खचतं. छताला असलेल्या पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटखाली आमची भिंत शाईसारखी निळसर दिसायची. तिथे २७०० केल्विनचा पिवळा एलईडी लावला तर चक्क चॉकलेटी. (केल्विनचा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळा.) शेवटी ४००० केल्विनचा, ज्याच्या खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर लिहिलंय असा बल्ब छताला, आणि पलंगाशेजारी वाचायच्या दिव्यात ३००० चा. रात्री आई वाचत असते तेव्हा दिव्याच्या वर्तुळात भिंत तांबूस होते आणि वर्तुळाबाहेर जांभळी राहते. मला खोलीत सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट ही आहे. रंगाइतकाच वेळ बल्बला द्या. आणि सगळे पुठ्ठे त्याच बल्बखाली बघा, जो शेवटी लागणार आहे.

सामानाचं थोडक्यात. पलंग पिवळसर लाकडाचा आहे, तो या भिंतीपुढे उजळून निघाला. गडद पॉलिश करून घ्यायचा बेत मी रद्द केला. उशांचे अभ्रे मोहरी रंगाचे दोन, मळकट हिरवा एक. चादर कोऱ्या सुती कापडाची, न रंगवलेली. दार आता किंचित राखाडी पांढरं आहे, त्यामुळे ते पिवळं वाटत नाही. फसलं ते पडद्यांचं. भिंतीशी अगदी जुळणारे गडद जांभळे पडदे आणले आणि खोली एकदम बंद पेटीसारखी झाली. ते काढून फिकट करडे लावले. जांभळे पडदे माझ्या खोलीत गेले, तिथे ऊन येतं. चार महिन्यांत घड्यांच्या कडा विटल्या. भिंतीचा रंग मात्र आठ महिन्यांत कुठेही उडालेला नाही, खिडकीला लागून असलेल्या पट्टीतसुद्धा.

डाग मात्र पडतात. ‘धुता येतो’ हा दावा राखाडी लव्हेंडरबाबत खरा आहे. शाईचा डाग ओल्या फडक्याने गेला, मागे काही राहिलं नाही. अमसुलीवर डाग जातो, पण जिथे घासलं तिथे चकचकीत ठसा उरतो. पलंगावरून उठताना आई ज्या जागी भिंतीला हात टेकते तिथे तळव्याएवढा गुळगुळीत डाग तयार झालाय, तिरक्या उजेडात स्पष्ट दिसतो. गडद मॅटचा हा स्वभावच आहे. जिथे माणसाचा हात, खुर्चीची पाठ किंवा डोकं टेकतं तिथे मॅटऐवजी सॅटिन, म्हणजे किंचित चमक असलेलं, फिनिश घ्या. मी आता त्या जागी लाकडी पट्टी बसवून घेणार आहे, आईला धरायलाही होईल.

आणि रंग पुरेसा घ्या. आमचा डावीकडच्या पाच हातांमुळे संपत आला. त्याच आकड्याचा एक लिटर नंतर आणला तर तो किंचित जास्त लाल निघाला. दुकानदार तसं मानायला तयार नव्हता. दोन्ही पुठ्ठे शेजारी ठेवल्यावर गप्प झाला, पण बदलून दिला नाही. दादांनी जुन्या डब्यातला उरलेला वाटीभर रंग त्यात कालवून शेवटचा हात अख्ख्या भिंतीला एकसलग दिला, म्हणून सांधा दिसत नाही. दोन डबे लागणार असतील तर सुरुवातीलाच मोठ्या बादलीत एकत्र करून घ्या.

तीन महिन्यांपूर्वी आईच्या डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. घरी आल्यावर मी दाराशी श्वास रोखून उभी होते. तिने उजवा डोळा झाकला, मग डावा, मग दोन्ही हात खाली घेतले आणि भिंतीजवळ जाऊन बोट फिरवलं. ‘आता दोघांचं जमलं,’ म्हणाली. मग समोरच्या फिकट भिंतीकडे वळली आणि मला विचारलं, ‘ही जरा जास्तच लव्हेंडर नाही का?’

आहे. मलाही ते दिसतं. फिकट डबा पुन्हा घ्यायचा झाला तर एक घर राखाडीकडे सरकून घेईन. गडद मात्र तोच, त्याच चिठ्ठीवरचा. उरलेला अर्धा लिटर घट्ट झाकण लावून कपाटात ठेवलाय, आणि चिठ्ठीचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे, कारण छापलेली शाई आताच पुसट व्हायला लागली आहे.