हात बधिर होतात: फोम ग्रिप की बार-एंड वजन?

लांब पल्ल्यात बाइक चालवताना बोटांना मुंग्या येतात त्या बहुतेक वेळा हँडलच्या कंपनामुळे आणि त्यापायी मूठ नकळत घट्ट आवळल्यामुळे. उपाय दोन.

फोमचं कव्हर स्वस्त, पाच मिनिटांत चढतं. बारीक झिणझिण ते बऱ्यापैकी खातं. पण ग्रिप जाड होते. हात लहान असेल तर क्लच लिव्हर लांब पडतो आणि कंपन गेलं तरी पंजा दुखतोच. पावसात फोम पाणी धरतो. सैल कव्हर थ्रॉटलवर, म्हणजे वेग देणाऱ्या उजव्या मुठीवर, फिरलं तर धोकाच, त्यामुळे उजवीकडे घट्ट बसणारंच घ्या.

बार-एंड वजन, म्हणजे हँडलच्या टोकाला बसवायचं वजन, कंपन शोषत नाही. टोकाला वजन वाढलं की हँडलची स्वतःची कंपनसंख्या खाली येते, म्हणून इंजिनच्या ठरावीक आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) येणारी थरथर दुसरीकडे सरकते. ती नेमकी तुमच्या नेहमीच्या वेगावर आली तर पैसे वाया! बसवताना थ्रॉटलची नळी आणि वजन यांत १-२ मिमी फट ठेवा. नाहीतर थ्रॉटल अडकतो. सोडल्यावर तो खटकन परत यायला हवा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही तपासा.

एकाच वेगाला हात बधिरत असतील तर वजन, सगळ्याच वेगांना असतील तर फोम. त्याआधी लिव्हर मात्र मनगटाच्या सरळ रेषेत फिरवून घ्या, ते फुकट आहे.