बेळगावातलं रेडिएटर री-कोअरिंग: जुन्या मिलिटरी ट्रकला कितपत पुरतं?

डिस्पोजलचा, म्हणजे लष्कराने मोडीत काढून विकलेला, निसान वन-टन, शक्तिमान किंवा जोंगा उभा केला, रंगवला, कागदपत्रं लावली, आणि पहिल्याच चोर्ला घाटात तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला, की गाडी जाते ती थेट रेडिएटरवाल्याकडे. बेळगावात रेडिएटरची तांब्या-पितळेची जाळी बदलून देणारी, म्हणजे री-कोअरिंग करणारी, छोटी दुकानं अजून टिकून आहेत. हे परीक्षण त्यांच्या त्या कामाचं. डागकाम, म्हणजे सोल्डरने सांधणं, उत्तम, मापाला पक्कं. पण नुसतं री-कोअरिंग करून घेतलं, तर निम्म्या गाड्यांचा आजार तसाच राहतो, आणि दुकानात तो कुणी विचारतही नाही.

आधी चांगलं. जुन्या वरच्या-खालच्या टाक्या उकलून, साफ करून, नव्या जाळीवर त्याच बसवतात. त्यामुळे टोपीचं तोंड, होसची नळी, ब्रॅकेट सगळं मूळचं राहतं. तयार अॅल्युमिनियमचा रेडिएटर कापून-जोडून बसवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. जुनी जाळी तांब्याच्या भावाने वळती करून घेतात, तेव्हा ती आधी वजन करून घ्यावी.

ऑर्डर देताना उंची, रुंदी, जाडी आणि नळ्यांच्या ओळी एवढं सांगून भागत नाही. नळ्यांमधली पातळ पाती इंचाला किती, हेही ठरवून घ्या. 14 पाती कागदावर छान दिसतात, पण खानापूरकडची लाल धूळ आणि गळीत हंगामात उडणारं उसाचं पाचट त्यात महिनाभरात बसतं. 10 ते 12 पाती पुरेत. तीन ओळींची जाळी चार ओळींची केली की ती साधारण 10 ते 12 मिलिमीटरने जाड होते, म्हणजे पंखा तेवढा जवळ येतो. पंखा आणि जाळी यांत 25 मिलिमीटर तरी राहायला हवेत. इंजिन माउंटिंगचं रबर जुनं असेल तर ब्रेक मारताना इंजिन पुढे झुकतं आणि पंखा नव्या जाळीला खातो.

चौथ्या ओळीचा आग्रह दुकानदार धरतो, पण ती ओळ बहुतेकांना लागत नाही. वंटमुरी किंवा तवंदी घाटात उसाच्या ट्रॉल्यांमागे दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रांगते, तेव्हा समोरून वारा येतच नाही. जेवढी हवा पंखा ओढेल तेवढीच. पंख्याभोवती श्राउड, म्हणजे हवा जाळीतूनच ओढायला लावणारं पत्र्याचं कडं, नसेल तर पंखा तीच गरम हवा कडेने फिरवत बसतो. डिस्पोजलच्या गाड्यांत श्राउड बहुधा गायब असतो, आणि रेडिएटरवाला तो बनवत नाही. उद्यमबागेत पत्र्याचं काम करणाऱ्याकडून 20 गेजच्या पत्र्याचा करून घ्या. पंख्याच्या पात्याचं टोक आणि कडं यांत सगळीकडून 20 ते 25 मिलिमीटर, आणि पात्याची निम्मी रुंदी कड्याच्या आत. जाळीला लागणारी कड फोमने बंद करा. चौथ्या ओळीच्या आधी पैसे इथे घाला.

दुसरी उणीव ब्लॉकची, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागाची. नवी जाळी गंजक्या ब्लॉकला जोडली, तर तोच गाळ वरच्या टाकीत येऊन नळ्यांची तोंडं बुजवतो. ब्लॉकचा ड्रेन प्लग काढा. पाणी आलं नाही तर तार घालून बघा, आत घट्ट चिखल लागेल. तो सर्वांत जास्त मागच्या सिलिंडरजवळ साठतो, म्हणून मागचे वॉटर प्लग काढून वरून होसने उलटं पाणी मारायचं. मग लिटरला 50 ग्रॅम या हिशोबाने सायट्रिक अॅसिड, तासभर गरम इंजिनात, नंतर धुण्याच्या सोड्याचं पाणी, मग स्वच्छ पाणी. अॅल्युमिनियमचं हेड असेल तर अॅसिड टाळा. काही ठिकाणी थेट मिठाचं तेजाब (हायड्रोक्लोरिक अॅसिड) ओततात. त्याने मळ पटकन सुटतो, पण पितळ आणि डागही खाल्ला जातो. ते करू देऊ नका.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच जाळीकडे पाणी सोडणारी झडप, काढून टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. बायपास (जाळी टाळून पाणी परत इंजिनात नेणारी वाट) बंद करणारा थर्मोस्टॅट असेल तर तो काढल्यावर गरम पाणी बायपासमधूनच फिरतं आणि जाळीपर्यंत पूर्ण पोचतच नाही. भांड्यात थर्मामीटरसह उकळून बघा: 82 अंशांचा असेल तर त्याच सुमाराला उघडायला लागतो. हवा सुटायला थर्मोस्टॅटच्या चकतीत वरच्या बाजूला 3 मिलिमीटरचं भोक पुरतं.

टोपीचंही बघा. बेळगाव सुमारे 750 मीटरवर, इथे साधं पाणी 97-98 अंशांलाच उकळतं. 7 पीएसआय दाबाच्या टोपीने त्यात दहाएक अंशांची भर पडते. म्हणून 13 पीएसआयची आधुनिक टोपी लावावीशी वाटते, पण जुन्या टाकीचा डाग तेवढा दाब सोसत नाही. मूळ टोपीवरचा आकडाच पाळा.

खालची होस पंपाच्या ओढीच्या बाजूला असते, तिच्या आत स्प्रिंग हवी. स्प्रिंग नसलेली होस वेग वाढला की चपटी होते. गाडी उभी असताना ठीक, हायवेवर गरम, असं असेल तर आधी ही होस बघा. संथ गतीत गरम आणि हायवेवर ठीक, तर दोष हवेचा. थंड इंजिन सुरू करताच टाकीत बुडबुडे येत राहिले, तर दोष हेड गॅस्केटचा.

पंपाचं इम्पेलर झिजलं असेल तर बेळगावातल्या लेथवर दुरुस्ती सहज होते. हे काम इथे खरंच छान मिळतं.

बोअरचं पाणी अजिबात भरू नका. डिस्टिल्ड पाण्यात तृतीयांश कूलंट पुरे. इथे गोठण्याची भीती नाही, आणि जास्त ग्लायकॉलने उष्णता वाहून नेण्याची ताकद कमीच होते.

रेडिएटर ताब्यात घेताना दुकानात दोन गोष्टी करून दाखवायला सांगा. रेडिएटर पाण्यात बुडवून टोपीच्या दाबापेक्षा थोडा जास्त हवेचा दाब. आणि खालचं तोंड उघडं ठेवून वरून बादलीभर पाणी: ते अडखळता कामा नये. बसवल्यावर इन्फ्रारेड गनने जाळी तपासायची असेल तर पितळेवर काळ्या रंगाचा ठिपका द्या, चकचकीत धातूवर आकडा खोटा येतो. नळीच्या रांगेत मध्येच गार पट्टा सापडला, तर ती नळी बुजलेली. आणि पेंटरला जाळीवर मिलिटरी हिरव्याचे जाड थर मारू देऊ नका, काळ्याचा एक पातळ हात पुरतो.